दहावीच्या निरोपासाठी प्रत्येकावर चार गमतीदार ओळी – कशा लिहाव्यात?

निळीशाई

मंडळी, मदत हवी आहे. मी दहावी 'ब'ची वर्गशिक्षिका. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, वर्गात ४७ मुलं. पूर्वपरीक्षा नुकतीच आटोपली, आता निरोप समारंभ. आमच्याकडे तो नववीची मुलं करतात आणि दरवर्षी फिशपाँड असतो, म्हणजे डब्यातून एकेकावरच्या निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्या काढून वाचायच्या. गेल्या वर्षी एक मुलगी चिठ्ठी ऐकून रडत घरी गेली, तेव्हा मुख्याध्यापकांनी यंदा फिशपाँड बंद केलाय.

त्याऐवजी मी प्रत्येक मुलावर चार-पाच ओळींचं हलकंफुलकं व्यक्तिचित्र लिहिणार आहे. समारंभात वाचायचं आणि मग सगळ्यांचं मिळून हस्तलिखित करून एकेक प्रत द्यायची. काही लिहून झालीत. नावं काढून नमुने देते.

१) हा सायकलवरून शाळेला निघतो आणि सायकल ढकलत पोचतो. चेन पडणं रोजचंच. आठवीत निबंधाच्या वहीवर ग्रीसचा पंजा उमटला, तेव्हापासून वर्गातल्या सगळ्या सायकली त्याच्याच हाताखालून जातात. भूमितीचं प्रमेय अडलं की तो बाईंना विचारतो, स्कूटी अडली की बाई त्याला विचारतात.

२) हिला प्रतिज्ञा सांगायला दिली की माइक लावावा लागत नाही. 'भारत माझा देश आहे' म्हटलं की पलीकडच्या प्राथमिक शाळेतली पोरंही सावधानमध्ये उभी राहतात. कबड्डीत हिचा दम कधी सुटला, हे कुठल्याच पंचांना सांगता येणार नाही.

३) याच्या दप्तरात सुई-दोरा, बँडेज, सुटी बटणं आणि उसनी द्यायला तीन पेनं असतात. कोणाला काय लागेल सांगता येत नाही म्हणतो. गृहपाठाची वही तेवढी घरी असते.

प्रश्न दोन. विनोद कुठपर्यंत न्यावा? आणि ज्यांच्याबद्दल काही सुचतच नाही अशा आठ-दहा मुलांचं काय करायचं? वेळेवर येतात, मधल्या बाकावर बसतात, कोणाची तक्रार नाही. त्यांच्यावर 'शांत व होतकरू' एवढंच लिहायला मन घेत नाही.

टवाळ

पहिला नमुना जबरी. काही झालं तरी स्कूटीची ओळ काढू नका.

शेवटचा बाक

फिशपाँड बंद? मग निरोप समारंभात भाषणं आणि आइस्क्रीम एवढंच उरलं! फिशपाँडची मजा तुम्ही शिक्षक मंडळी कायम कमी लेखता. तो सजवलेला डबा, चिठ्ठी काढणाऱ्याचा लांबवलेला सूर, आणि नाव यायच्या आधीच अख्खा वर्ग एकाकडे वळून बघतो तो क्षण! आमच्याकडे चिठ्ठीसोबत वस्तूही मिळायची. बडबडीला खेळण्यातला फोन, सतत केस विंचरणाऱ्याला फणी. मला गजराचं घड्याळ मिळालं होतं. चार वर्षांत मी प्रार्थनेला वेळेवर उभा राहिलेला कोणी बघितला नव्हता. एका मुलीसाठी सगळ्यांची गंमत का घालवायची?

चष्मिस

@शेवटचा बाक, दादा, त्या एका मुलीच्या बाजूनं लिहिते.

माझी चिठ्ठी माझ्या रंगावरून होती. हिंदी गाण्याची एक ओळ बदलून लिहिली होती. हॉल हसला, मीही हसले, कारण स्टेजवर उभं असताना दुसरं काही करता येत नाही. बक्षीस म्हणून गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब दिली. चिठ्ठी कोणी लिहिली ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्यामुळे पुढे वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला तेव्हा प्रत्येक नावापाशी मला वाटायचं, हा असेल का, ही असेल का.

तुम्हाला घड्याळाचं हसू आलं, कारण उशीर तुम्ही करत होता आणि मनात आणलं असतं तर वेळेवर येऊ शकला असता. माझ्या रंगात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. शाईताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. मूल जे करतं त्यावर लिहा. जे त्याच्या वाट्याला आलंय, म्हणजे रंग, उंची, वजन, आडनाव, घरची परिस्थिती, बापाचा धंदा, त्यातल्या कशालाही हात लावू नका. कौतुक म्हणूनसुद्धा नको.

शेवटचा बाक

@चष्मिस, पटलं. क्रीमची ट्यूब देणाऱ्याला शोधून काढावंसं वाटतंय. आणि निनावी चिठ्ठीबद्दल शंभर टक्के सहमत. ज्याला खाली नाव घालायची हिंमत नाही, त्यानं लिहूच नये.

नियमावली

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. मुख्याध्यापकांनी केलं ते योग्यच केलं.

घंटा झाली

@नियमावली, कलम बरोबर सांगितलंत, पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. दहावीची मुलं पंधरा-सोळाची असतात. बाकी एखाद्या पोरीला रडवू नये, हे ठरवायला कलम कशाला लागतं?

रानजाई

माझा मुलगा यंदा दहावीला आहे, म्हणून आईच्या बाजूनं लिहिते. तो बोलताना अडखळतो. त्याचे शिक्षक इतके चांगले की त्याला कोणी काही बोलत नाही, कोणी चिडवत नाही. गेल्या वर्षी सहलीच्या बसमध्ये मुलांनी एकेकाच्या नकला केल्या. सरांची झाली, ड्रायव्हरकाकांची झाली, सगळ्या मित्रांची झाली. याची कोणी केली नाही. घरी येऊन म्हणाला, "आई, माझी नक्कल करण्यासारखं पण काहीच नाही का?"

त्याला माहीत होतं ते का टाळतात. तरी त्याला वाईट वाटलं. आणि त्याच्यात नक्कल करण्यासारखं ढीगभर आहे हो! क्रिकेटचा सामना हरायला लागला की हा टीव्हीकडे पाठ करून बसतो, आपण बघितलं की विकेट पडते म्हणून. चहात बिस्किट बुडवताना पुटपुटत मोजतो. त्यावर लिहा की खुशाल! शाईताई, जपायचं म्हणून कुठल्याही मुलाला गमतीतून वगळू नका, एवढंच सांगायचं होतं.

पायथागोरसचा शेजारी

@रानजाई, टीव्हीकडे पाठ करून बसणारे आमच्या घरात तिघं आहेत. चिरंजीवांना सांगा, संघटना काढू.

मॅट्रिक अकरावी

मी जुन्या अकरावीचा. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ साली झाली, त्याआधी शाळा संपायची ती अकरावीला आणि तिलाच मॅट्रिक म्हणायचे. फिशपाँड हा शब्द आमच्या गावात तेव्हा पोचला नव्हता. आम्ही शेलापागोटे म्हणायचो. सत्कारात शेला-पागोटं देऊन गौरव करायची जुनी रीत, तिचं हे विनोदी रूप. शेला मुलीला, पागोटं मुलाला, आणि दोन्ही कागदावर.

आमचे मराठीचे सर प्रत्येकासाठी ओवीत एक पागोटं रचायचे. शाईताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर त्यांचीच गोष्ट सांगतो. वर्गात माझ्या मागे एक मुलगा बसायचा. कधी उत्तर द्यायला उभा राहिला नाही, कधी मार खाल्ला नाही. सरांनी आदल्या आठवड्यात वर्गाला विचारलं, "हा जेव्हा शाळेत येत नाही तेव्हा काय होतं?" आम्ही म्हणालो, काही नाही. सर म्हणाले, आठवा. मग एकजण म्हणाला, पावसाळ्यात फळ्यावर पाणी येतं. कारण पावसाची सर आली की उठून खिडकी लावणारा तोच एक होता. दुसरा म्हणाला, तो नसला की आमच्या रांगेचा डबा लवकर संपतो. चार घास जास्त आणायचा आणि मधे ठेवायचा. आम्ही तीन वर्षं खात होतो आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सरांच्या ओव्या मला आता आठवत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण खिडकी आणि डबा दोन्ही त्यात होते, आणि वाचून झाल्यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या मुलाला पडल्या. तेव्हा ताई, सुचत नसेल तर आधी हजेरीपट बघा. ते मूल ज्या दिवशी गैरहजर होतं त्या दिवशी वर्गात काय अडलं, हे मुलांना विचारा.

टवाळ

काका, __/\__

निळीशाई

@मॅट्रिक अकरावी, काका, हे वाचून मी हजेरीपट घेऊनच बसले आहे. @रानजाई, तुमच्या मुलाचा तो प्रश्न मी डायरीत लिहून ठेवला. @चष्मिस, तुमची कसोटी लावून माझी आधीची सगळी पानं पुन्हा वाचते आहे.

प्रशांत महासागर

अमेरिकेतून लिहितोय. इथे शाळा बारावीला संपते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सीनियर म्हणतात. बहुतेक शाळांचं इयरबुक निघतं, म्हणजे वर्षअखेरीचं मुलांच्या फोटोंचं पुस्तक. या पुस्तकांची परंपरा जुनी. १८०६ साली येल कॉलेजच्या बाहेर पडणाऱ्या वर्गाच्या काळ्या छायाकृतींचं पुस्तक निघालं होतं, फोटो नावाची गोष्ट यायच्या कितीतरी आधी.

आता त्यात 'सुपरलेटिव्ह' नावाचा प्रकार असतो. मुलं मतदान करून पदव्या देतात. वर्गातला सर्वांत विनोदी, सर्वांत नखरेल, पुढे हमखास प्रसिद्ध होईल असा, स्वतःच्या पदवीदानालाही उशिरा येईल असा, वगैरे. वाचायला धमाल येते. पण मतदान आलं की जे लोकप्रिय त्यांनाच पदव्या जातात. माझ्या मुलीच्या वर्गात एकाच गटातल्या मुलांनी जवळजवळ सगळ्या पटकावल्या. बाकीच्यांचा टपालतिकिटाएवढा फोटो आणि खाली नाव.

म्हणून तुमची कल्पना मला या पद्धतीपेक्षा फार चांगली वाटते. दोन सूचना. सगळ्यांच्या ओळी सारख्याच असू द्या. मुलं मोजतात, "तिला सात ओळी आणि मला चार" हे तिथल्या तिथे होतं. आणि छापण्याआधी एका तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, शक्यतो नुकत्याच कॉलेजात गेलेल्या कोणाकडून. आपल्याला निष्पाप वाटणाऱ्या शब्दाचा त्या वयातला अर्थ वेगळाच असू शकतो.

हस्तलिखित

दुसरी सूचना सोन्यासारखी. आमच्या शाळेच्या अंकात एका मुलाला 'वर्गाचा चार्जर' म्हटलं होतं. तो रडायचा बाकी होता आणि बाईंना कारण कळत नव्हतं. मलाही आजवर कळलेलं नाही.

सरळ रेषा

मला वेगळं म्हणायचंय. शिक्षकांनी विनोद करूच नये. वर्गमित्रानं 'आळशी' म्हटलं तर पोरगं त्याला उलट दोन शब्द ऐकवतं आणि विषय संपतो. बाईंनी माइकवरून म्हटलं तर तो शिक्का होतो, आणि समोर आईवडील बसलेले असतात. शाईताईंचा हेतू उत्तम आहे, पण लेखणी त्यांच्या हातात आहे आणि मुलाच्या हातात उत्तर द्यायला काही नाही. मुलांनीच एकमेकांवर लिहावं, बाईंनी फक्त तपासावं.

चष्मिस

@सरळ रेषा, मुलांनीच लिहिलं तर काय होतं ते मी वर सांगितलंय.

सरळ रेषा

@चष्मिस, तुमची चिठ्ठी कोणी तपासलीच नव्हती. शिवाय ती निनावी होती. मी नाव घालून आणि तपासून म्हणतोय.

शेवटचा बाक

दोन्ही करता येईल. मुलांनी साहित्य द्यावं, बाईंनी लिहावं. पण दोस्तावर दोस्तानं लिहायचं नाही, नाहीतर गट पडतात. हजेरी क्रमांकानं जावं. १२ नंबरनं १३ नंबरबद्दल खरी घडलेली एक गोष्ट लिहून द्यायची, खाली स्वतःचं नाव. ४७ नंबरनं एकबद्दल. मग ज्याच्याशी कधी बोललो नाही त्याच्याकडेही आठवडाभर नीट बघावं लागेल.

निळीशाई

@शेवटचा बाक, हे मी उद्याच करते! आणि @सरळ रेषा, तुमचा मुद्दा मला टोचला आणि पटलासुद्धा. शिक्षकाचा शब्द जड असतो. म्हणून प्रत्येकाला त्याचं पान आधी एकट्याला वाचायला देईन. 'ही ओळ नको' म्हटलं तर कारण न विचारता खोडायची.

घंटा झाली

मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून होतो, आता निवृत्त. शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात आयुष्य गेलं. दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि त्यात आम्ही 'चांगली' लिहितो. वर्गात पहिला येणाऱ्याची चांगली, भिंतीवरून उडी मारून नदीवर जाणाऱ्याचीही चांगली. ते योग्यच आहे, पुढे कोणाचं अडायला नको. गुणपत्रिकेवर विषय आणि आकडे. म्हणजे पाच-सहा वर्षं ते पोर आपल्याकडे होतं आणि 'तू असा होतास' हे सांगणारा एकही कागद शाळा त्याच्या हाती देत नाही. म्हणून बाई, तुमचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

एक युक्ती सांगतो. शिपाईमामांना विचारा. ग्रंथालयवाल्या ताईंना आणि मुलं आणणाऱ्या रिक्षाकाकांना विचारा. शिक्षकांना मूल तासाला दिसतं, आम्हाला ते मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर दिसायचं. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी रोज कार्यालयाच्या खिडकीपाशी येऊन आमच्या मांजराशी पंधरा मिनिटं गप्पा मारायची. घरचं, दारचं, गणिताच्या पेपराचं, सगळं मांजराला. तिच्या वर्गशिक्षकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

टवाळ

मांजराला गणितात किती पडले?

घंटा झाली

@टवाळ, मांजराचीही वर्तणूक चांगली होती, एवढं मी लिहून देऊ शकतो.

पायथागोरसचा शेजारी

शाईताई, माझ्या शिकवणीतल्या काही वल्ली. हव्या तर घ्या, नाव कुणाचंच नाही.

उत्तर बरोबर, पायऱ्या गायब. विचारलं तर म्हणतो, "सर, ते दिसतंच ना."

बाकावर पट्टीनं मध्यरेषा आखते. शेजारणीचं कोपर आत आलं की खोडरबर जप्त. संध्याकाळी सगळं खोडरबर परत, वर एक गोळी.

प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर पहिली पाच मिनिटं समासच आखतो. समास बघून परीक्षकानं निम्मे गुण द्यावेत असा समास.

रानजाई

समासवाला आमच्याकडेच राहतो बहुतेक!

अवांतर: शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टावर सगळ्यांच्या सह्या घ्यायचं जे खूळ आहे, त्यासाठी मुलांना जुना शर्ट आणायला सांगा ना कोणीतरी. आमच्या शेजारच्या मुलानं नवाकोरा गणवेश रंगवला आणि बोर्डाच्या पेपराला आतेभावाचा घालून गेला, बाह्या कोपरापर्यंत.

मॅट्रिक अकरावी

आमच्या वेळी सह्यांची वही असे. गुलाबी, पिवळी, हिरवी पानं. प्रत्येकानं 'मला विसरू नकोस' लिहायचं. माझी अजून आहे. निम्म्या सह्या कोणाच्या ते लागत नाही.

हस्तलिखित

आमच्या वेळी स्लॅमबुक. आवडता रंग, आवडता हिरो, आणि 'माझ्याबद्दल तुझं मत'. त्या शेवटच्या रकान्यात सगळे एकच लिहायचे, 'यू आर अ गुड फ्रेंड'. काका म्हणतात त्या सरांसारखं एकानं जरी लिहिलं असतं तरी मी ते जपून ठेवलं असतं.

निळीशाई

मंडळी, प्रगती सांगते. क्रमांकानं गोष्टी मागवल्या आणि चिठ्ठ्यांनी टेबल भरलं. सुरुवातीला 'तो खूप चांगला मुलगा आहे' अशाच आल्या. परत दिल्या. सांगितलं, काय घडलं ते लिहा. मग मात्र खजिना उघडला. शिपाईमामांनी एकट्यांनी पाच मुलांची कोडी सोडवली. ज्यांच्याबद्दल काहीच सुचत नव्हतं त्यांच्यापैकी तिघांची पानं वाचा.

– हा वर्गात बोलत नाही कारण याचं सगळं बोलणं शाळेबाहेर ठरलेलं असतं. वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला यानं नाव ठेवलंय आणि प्रत्येकाची चौकशी केल्याशिवाय हा पुढे जात नाही. शाळेच्या फाटकापर्यंत याला सोडायला चार कुत्री येतात. वर्गात कोणालाच सोडायला एवढे लोक येत नाहीत.

– ही गैरहजर असली की दुसऱ्या दिवशी वर्गात सात जणांचा अभ्यास अपुरा असतो, कारण फळ्यावरचा गृहपाठ उतरवणारी ही एकटीच. बाकी सगळे रात्री हिला फोन करतात. हिनं आजपर्यंत एकालाही 'स्वतः का नाही उतरवलंस' असं विचारलेलं नाही. आज सगळ्यांच्या वतीनं बाई विचारताहेत.

– हा रोज शेवटी वर्गाबाहेर पडतो. आम्हाला वाटायचं हा हळू चालतो. मामांनी सांगितलं की हा पंखे, दिवे बंद करून बाक सरळ करतो आणि मग निघतो. शाळेचं वीजबिल थोडं कमी येत असेल तर शाळा याचं देणं लागते. पुढच्या वर्षीपासून पंखे कोण बंद करणार, हा प्रश्न नववीनं आत्ताच सोडवावा.

पानं आधी वाचायला दिली. एका मुलीनं एक ओळ काढायला सांगितली, काढली. पंखेवाल्यानं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हे आईला दाखवू का?"

चष्मिस

शाईताई, तिन्ही पानं घरात मोठ्यानं वाचून दाखवली. कुत्र्यांवर सगळे हसले आणि पंख्यांवर आई पदरानं डोळे पुसत होती.

सरळ रेषा

माझी हरकत मागे घेतो. या ओळींवर मुलाला उत्तर द्यायची गरजच पडणार नाही.

प्रशांत महासागर

हस्तलिखिताच्या प्रतीत प्रत्येक पानाखाली थोडी जागा कोरी ठेवा. मुलं एकमेकांना तिथेच लिहून देतील, रानजाईताईंच्या शेजारचे शर्टही वाचतील.

मॅट्रिक अकरावी

४७ पानं म्हणजे पाऊण-एक तास सहज. सलग वाचू नका. अर्धी वाचून आइस्क्रीम, मग उरलेली. आणि हजेरी क्रमांकानं वाचलंत तर शेवटचा मुलगा तासभर पोटात गोळा घेऊन बसेल. क्रम चिठ्ठ्या टाकून काढा.

शेवटचा बाक

आणि नाव शेवटी घ्या. आधी ओळी वाचायच्या आणि वर्गाला ओळखू द्यायचं. फिशपाँडची तेवढी मजा राहू द्या, तिनं कोणाला दुखत नाही.

निळीशाई

दोन्ही करते. चिठ्ठ्यांसाठी तो जुना सजवलेला डबाच वापरू. नववीच्या सूत्रसंचालकांना आज शाळा सुटल्यावर थांबवलंय, नाव शेवटी घ्यायची तालीम करून घेते.